खोडता येत नाही ती खोड

*सर,*
*मी एकोणीस वर्षांची आहे. दोन वर्षं झाली, एका छोट्या कार्टून मालिकेसाठी चार प्राणी घडवतेय. टिवल्या मुंगूस (शूर, खोडकर, मनाचा चांगला), ढब्बू कासव (शांत, हुशार, मनाचा चांगला), तात्या कावळा (तिरसट, पण मनाचा चांगला) आणि बिट्टी बेडकी (बडबडी, प्रेमळ). सत्तर पानं भरली. ज्याला वही दाखवते तो ‘छान आहे’ म्हणतो आणि पान उलटतो. परवा मैत्रिणीनं नावं झाकून संवाद वाचले आणि विचारलं, हे कोण बोलतंय? मलाच सांगता येईना. टिवल्याला चौकड्यांचा शर्ट आहे, गळ्यात मफलर आहे. आता गॉगल देऊ का? की सगळं खोडून नव्यानं सुरुवात करू? जुन्या कार्टूनमधली पात्रं एकदा पाहिली की विसरत नाहीत. त्यांच्यात असं काय असतं?*
*– खोडरबर*

प्रिय खोडरबर,

गॉगल देऊ नकोस. मफलरही काढून ठेव. शर्टाबद्दल पुढे बोलू, कारण त्यावर माझा वेगळाच राग आहे.

वयानं लहान आहेस म्हणून ‘तू’ म्हणतोय. शिवाय तुझ्या वहीतला टिवल्या पाहून मला माझी गोगलगाय आठवली, त्यामुळे थोडी जवळीक वाटली. मी या धंद्यात नवा होतो तेव्हा एक टपाल वाटणारी गोगलगाय काढली होती. तिला टोपी दिली, खांद्याला पिशवी दिली, नाकावर चष्मा, गळ्यात शिट्टी. सहा पोझचा कागद रंगवून मोठ्या ऐटीत आमच्या वरिष्ठांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, “हिच्या हातातलं पाकीट डबक्यात पडलं तर ही काय करेल?” मी गप्प. रडेल? वाळत घालेल? कुणी पाहिलं नाही ना म्हणून आजूबाजूला बघेल? चिखलानं पत्ता पुसला गेला तर अंदाजानं दुसऱ्याच दारात टाकून मोकळी होईल? टोपीचा रंग निवडायला मी दोन दिवस घेतले होते, आणि या प्रश्नाला माझ्याकडे दोन सेकंदांचंही उत्तर नव्हतं. त्यांनी कागद परत दिला. रागावलेही नाहीत, आणि ते जास्त लागलं.

तुझी अडचण तीच आहे. तू दिलेली विशेषणं एकदा मोठ्यानं वाच. चारपैकी तिघं ‘मनाचे चांगले’ आणि चौथी ‘प्रेमळ’. म्हणजे चौघांची शिफारसपत्रं झाली, स्वभाव एकाचाही झाला नाही. ‘शूर’ हा शब्द कागदावर ठीक आहे, पण पेन्सिल हातात घेतली की त्याचं काय करायचं? शूर माणूस दार कसं उघडतो? तो शूर आहे म्हणून दाराला लाथ घालतो, की आत काही नसणार याची खात्री असल्यामुळे शीळ घालत हळूच ढकलतो? ही दोन वेगळी पात्रं आहेत आणि दोघांच्या नावापुढे तू ‘शूर’च लिहिलं असतंस.

आपल्याकडे स्वभावासाठी एक फार नेमका शब्द आहे: खोड. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ म्हणतो ती. घरात ती तक्रार असते, कार्टूनमध्ये ते भांडवल. आणि तू टोपणनाव घेतलंयस खोडरबर! म्हणून तुला एक उदाहरण देतो, ते जणू तुझ्यासाठीच बनवलंय. दिग्दर्शक चक जोन्सचं ‘डक अमक’ हे १९५३ सालचं सात मिनिटांचं कार्टून. त्यात डॅफी डक तलवार घेऊन मोठ्या झोकात येतो, आणि पडद्याबाहेरचा चित्रकार त्याच्या मागचं दृश्यच काढून घेतो. शेत येतं, म्हणून डॅफी शेतकऱ्याचे कपडे घालून येतो, तर तोवर बर्फ पडलेलं. पुढे चित्रकार त्याचा आवाज काढून घेतो, त्याच्या तोंडी भलतेच आवाज घालतो, रबरानं त्याला पुसतो, नंतर त्याला भलत्याच जनावराचं अंग देतो. पण डॅफी डॅफीच राहतो! आधी समजूतदारपणे विनंती, मग जुळवून घेणं, मग संताप, मग मान सावरून पुन्हा ‘चला, सुरू करू या’. या सगळ्यामागे त्याची ठाम समजूत एकच, की कार्यक्रम आपला आहे आणि जग अन्याय करतंय. चोच नाही, पंख नाहीत, आवाज नाही, तरी ओळखू येतो. टिवल्याचा शर्ट मी पुसला तर काय उरतं, हे स्वतःला विचार. खोडता येत नाही ती खोड, आणि तुला तीच शोधायची आहे.

कशी शोधायची? माझा एकच रस्ता आहे आणि तो जरा दुष्ट आहे. पात्राला हरव.

जिंकताना सगळे सारखेच दिसतात. हात वर, छाती पुढे, तोंडभर हसू. वेगळेपण बाहेर पडतं ते फजिती झाल्यावर. डोनल्ड डक घे. तो १९३४ साली पडद्यावर आला आणि त्याच वर्षी त्याचा तो प्रसिद्ध संतापही. एक पाय पुढे, एक मूठ गोल गोल फिरतेय, शब्द एकही कळत नाही, राग मात्र पूर्ण कळतो. आता त्याच डिझ्नी स्टुडिओतला गूफी बघ. १९३४ मध्येच आर्ट बॅबिट या अ‍ॅनिमेटरनं गूफीचं स्वभावचित्र रीतसर लिहून काढलं होतं, सहकाऱ्यांनी हे पात्र कसं हाताळावं हे कळावं म्हणून. त्यात उंची-रंगापेक्षा त्याच्या डोक्यात काय चालतं यावर भर आहे. हा स्वतःशी बोलतो, कारण आपण काय विचार करतोय हे आधी कानांनी ऐकलं तर त्याला ते समजायला सोपं जातं. संकट कोसळलं तर जे आहे त्यात भागवतो आणि चिडचीड बघता बघता रुंद हसण्यात विरघळते. झालं! एवढं हातात असलं की गूफीला शिडीवरून पाड, घोड्यावरून पाड, तुला पुढचं चित्र काय काढायचं ते माहीत असतं. ‘भोळा, प्रेमळ’ एवढंच लिहिलं असतं तर अ‍ॅनिमेटर पेन्सिल चावत बसला असता.

आणि कोयोटी! १९४९ पासून हा लांडग्यासारखा प्राणी रोडरनर नावाच्या पक्ष्याच्या मागे लागलाय. यंत्र मागवायचं, ते फसणार, कड्याच्या पुढे हवेत क्षणभर थांबायचं, आपल्याकडे बघायचं, मग खाली. पुन्हा उठून तो काय करतो? दुसरा आराखडा काढतो. रडत नाही, कुणाला दोष देत नाही, त्या पक्ष्याचा नाद तेवढा सोडत नाही. चक जोन्सनं नंतर या मालिकेचे नियम सांगितले. कोयोटीला हवं तेव्हा थांबता येईल, पण तो थांबणार नाही. आणि शक्य तिथे त्याचा सर्वांत मोठा शत्रू गुरुत्वाकर्षण असेल. गंमत अशी की त्या कार्टूनचा कथाकार मायकल मॉल्टिझ पुढे म्हणाला की असे काही नियम असल्याचं त्याच्या कानावर कधी आलंच नव्हतं! मला हे फार आवडतं. आधी नियमावली आणि मग पात्र, असं घडलंच पाहिजे असं नाही. आधी पात्राला शंभर वेळा पाड. तो दरवेळी कसा उठतो ते बघता बघता नियम आपोआप दिसायला लागतात.

म्हणून तुला काम देतो. चौघांसमोर एकेक बरणी ठेव, झाकण घट्ट बसलेलं. आत काय आहे ते महत्त्वाचं नाही, पण प्रत्येकाला ते हवंय. संवाद नाहीत. प्रत्येकाची आठ लहान चित्रं, आणि आठव्या चित्रातही झाकण उघडलेलं नसावं. टिवल्याचं मी तुझ्या वतीनं करून बघितलं. तो पहिल्या चित्रात बरणीकडे न बघताच झाकण फिरवतो, कारण ते उघडणारच आहे आणि त्याचं लक्ष प्रेक्षकांकडे आहे. उघडत नाही. तिसऱ्या चित्रात तो आपण प्रयत्न केलाच नाही असं दाखवतो. पाचव्यात कुणी नाही हे पाहून दातांनी. सहाव्यात कुणीतरी येतंय, म्हणून बरणीवर कोपर टेकून उभा. आता तो मला ओळखीचा वाटायला लागला! हा शूर नाहीच, याला शूर दिसायचंय. माझा टिवल्या तुझा टिवल्या असेलच असं नाही, तू तुझा काढ. कासवाचं मात्र मी मुद्दाम केलं नाही. एवढीच ताकीद, की ते ‘शांतपणे युक्ती शोधतं’ असं काढलंस तर वही परत पाठवीन. कासव शांत असतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात तुझं काय? शांत दिसणारं, पण आतून इतकं हट्टी की ऋतू बदलला तरी झाकणावरचा हात काढत नाही, असं कासव मला पाहायला आवडेल. बघ बाई, शेवटी सांगूनच टाकलं.

हा चौघांना एकच अडचण देण्याचा खेळ माझा नाही. डिझ्नीच्या १९३३ सालच्या तीन डुकरांच्या कार्टूनमध्ये तो आहे. कपडे सोडले तर तिघं दिसायला जवळजवळ सारखे. पण दोघं उड्या मारत, नाचत घरं बांधतात आणि तिसरा विटेवर वीट रचत राहतो. लांडगा एकच, वागणं वेगळं. चेहरा सारखा असूनही माणसं वेगळी असू शकतात हे तिथे इतकं स्पष्ट दिसलं की पुढच्या पिढीतले अ‍ॅनिमेटर त्या कार्टूनचा दाखला देत राहिले.

विचार करताना दिसणं हीसुद्धा कृतीच असते, हे विसरू नकोस. १९३४ साली नॉर्म फर्ग्युसननं प्लूटोला माश्या पकडायच्या चिकट कागदावर बसवलं. कुत्रा एक पंजा सोडवतो, दुसरा अडकतो, थांबतो, डोळे बारीक करतो, काहीतरी सुचतं, तेही फसतं. विनोद कागदापेक्षा त्या थांबण्यात आहे. नवशिके हे थांबे कापतात, त्यांना वाटतं वेग म्हणजे विनोद. तुझ्या सत्तर पानांत कुणी थांबलेला आहे का, बघ.

चालीचंही तसंच. १९३७ च्या हिमगौरीच्या चित्रपटात डोपी हा बुटका एक अक्षर बोलत नाही. फ्रँक टॉमसनं एका दृश्यात त्याला बाकीच्यांशी पाऊल जुळवताना मध्येच एक छोटी उडी घ्यायला लावली. ती इतकी आवडली की पुढे डोपीच्या सगळ्या दृश्यांत ती घालायचं ठरलं, आणि बाकीचे अ‍ॅनिमेटर त्याच्यावर वैतागले, कारण काम वाढलं. पण आज डोपी म्हटलं की तीच उडी आठवते. बिट्टी बेडकी आहे ना तुझी? ती चालते कशी, हे मला तुझ्या एकाही चित्रात दिसलं नाही. सगळीकडे ती समोर तोंड करून उभी आहे, फोटो काढायला थांबल्यासारखी.

आता शर्ट. तू पाठवलेल्या चित्रात मी टिवल्याच्या शर्टावरचे चौकोन मोजले. अठ्ठावीस भरले. हातानं काढलेल्या कार्टूनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी सेकंदाला १२ चित्रं. सात मिनिटं तो पडद्यावर राहिला तर ५,०४० चित्रं, आणि दर चित्रात २८ चौकोन, म्हणजे १,४१,१२० चौकोन. प्रत्येक चौकोन त्याच्या पोटाबरोबर वाकला पाहिजे, नाहीतर शर्ट अंगावर नाचल्यासारखा दिसतो. संगणकावर काढणार असशील तर हे कष्ट वाचतील, पण डोळ्यांची अडचण तशीच राहील. माणूस चौकोन बघत बसतो, चेहरा नाही.

जुन्या लोकांच्या साधेपणामागे सौंदर्यदृष्टी होतीच, पण बऱ्याचदा निव्वळ व्यवहार होता. मिकी वर्तुळांचा बनला, कारण वर्तुळं भराभर काढता येतात. १९२९ पासून त्याच्या हातांवर पांढरे हातमोजे आले, कारण काळ्या अंगापुढे काळा हात दिसेचना. त्याचे कान तर तो कुठेही वळला तरी गोलच राहतात. खऱ्या डोक्यावर हे शक्य नाही, आणि कुणाचं काही अडत नाही. टीव्हीसाठी स्वस्तात काम करायची वेळ आली तेव्हा हॅना-बार्बेरा या निर्मात्यांच्या जोडीनं १९५८ मध्ये योगी अस्वलाला कॉलर आणि टाय दिला. अंग एका सेलवर, म्हणजे चित्र काढायच्या पारदर्शक कागदावर, स्थिर ठेवायचं आणि फक्त डोकं हलवायचं, तर मानेपाशी सांधा दिसतो, तो कॉलरखाली झाकला जातो. आज ती कॉलर त्याच्या रुबाबाचा भाग वाटते. म्हणजे वस्तू द्यायला माझी हरकत नाही, ती काहीतरी काम करत असेल तर. तुझा मफलर काय काम करतो? टिवल्या खोटं बोलताना त्याचं टोक चघळत असेल, तर आजच परत घाल.

एक जुनी परीक्षा आहे, ती कर. चौघांना पूर्ण काळ्या शाईनं भरून टाक, सावलीसारखं. ओळखू येतात का? तुझे मुंगूस आणि बेडकी मी असे भरून पाहिले. दोन्हीचा एकच बटाटा झाला. टिवल्या लांब, वळणारा, प्रश्नचिन्हासारखा असायला काय हरकत आहे? मुंगूस तसंच असतं की. नाकडोळे मात्र फार नको. मार्विन हा मंगळवासी १९४८ साली आला, त्याला तोंडच नाही. शिरस्त्राणाखाली काळा गोळा आणि दोन डोळे. पृथ्वी उडवून देण्याच्या गोष्टी तो अत्यंत सभ्य, हळू आवाजात करतो, आणि तोंड नसल्यानं तो सभ्यपणा आणखी थंड वाटतो.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या वहीत अजिबात नाही. तुझे चौघं एकमेकांना त्रासच देत नाहीत. एकटं पात्र निम्मंच दिसतं. दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंगला वाटायचं की बग्ज बनी या सशासमोर एल्मर फड हा शिकारी फारच मवाळ पडतो, म्हणून १९४५ मध्ये योसेमिटी सॅम आला. उंची वीतभर, मिशी जमिनीला टेकलेली आणि आवाज डोंगर हलवणारा. सॅम जितका भडकतो तितका बग्ज निवांत दिसतो. त्याच बग्जशेजारी पन्नासच्या दशकात डॅफीला उभं केलं आणि मूळचा नुसता वेडाचार करणारा डॅफी हळूहळू हेवेखोर, मानी, सतत फसणारा झाला. त्याला ती खोड शेजाऱ्यामुळे लागली. म्हणून तात्या कावळ्याला नुसता तिरसट ठेवू नकोस. नक्की कुणामुळे तिरसट, ते ठरव. माझा संशय बिट्टीवर आहे.

सगळं खोडू का, हा तुझा प्रश्न राहिला. नको. १९३८ साली एका कार्टूनमध्ये एक पांढरा ससा आला होता, उड्या मारणारा, खिदळणारा, अगदीच चक्रम. त्याच्यात डॅफीच जास्त दिसत होता, फक्त कान लावलेला. १९४० साली दिग्दर्शक टेक्स अ‍ॅव्हरीच्या हातात तोच धागा आला आणि ससा एकदम निवांत झाला. बंदूक रोखलेल्या शिकाऱ्यासमोर गाजर खात उभा राहून ‘काय चाललंय?’ विचारणारा. तो बग्ज. मधल्या दोन वर्षांत माणसं बदलली, नाक-कान बदलले, पण खरा बदल एवढाच की घाबरायच्या वेळी तो घाबरेनासा झाला. मिकीच्या डोळ्यांत बुबुळंसुद्धा १९३९ मध्ये आली, जन्मानंतर अकरा वर्षांनी. तुझ्या टिवल्याला दोनच वर्षं झालीत.

तेव्हा सत्तर पानं जपून ठेव आणि एकाहत्तराव्या पानावर बरणी काढ. बत्तीस चित्रं झाली की नावं न लिहिता मैत्रिणीला दाखव, मग मला पाठव. कासवाचं मी सुचवलेलं वापरलं नसलंस तर मला जास्त आनंद होईल. आणि माझ्या गोगलगायीचं काय झालं म्हणशील, तर ती अजून खणात आहे. पाकीट डबक्यात पडल्यावर ती काय करते ते मला कळलं, पण त्याला अकरा वर्षं लागली: ती पाकीट उचलून वाळवते, आणि वाळेपर्यंत वाचून काढते.

तुझा,
सदरकार